यूजीसीच्या हातात नेमकं काय असतं, आणि ॲडमिशन, फी, तक्रार यासाठी ते कसं वापरायचं

बारावीचा निकाल लागला की पोरांच्या आणि आईवडिलांच्या व्हॉट्सॲपवर कोर्सेसच्या जाहिराती धडाधड येऊन पडतात आणि त्यातल्या बहुतेकांवर 'यूजीसी अप्रूव्हड' असं ठळक लिहिलेलं असतं. एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर पण तेच. लोक ते वाचून निर्धास्त होतात आणि पैसे भरून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तेवढं वाचून पैसे भरू नका, आणि नंतर काही बिनसलं की थेट दिल्लीला यूजीसीकडे ईमेल टाकून उत्तराची वाट बघत पण बसू नका. दोन्हीकडे आधी एकच गोष्ट समजायला लागते, की यूजीसीच्या हातात काय आहे आणि काय नाही. ते समजलं की बाकीचं बरंचसं काम मोबाईलवर घरी बसून होतं.

यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. १९५३ ला सुरू झाला, १९५६ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असतं, पण चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडलं, ते त्याच वर्षी या आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत राहिले. पुढे अरुण निगवेकर आणि सुखदेव थोरात हे पण अध्यक्ष होते. म्हणजे ही संस्था आपल्याला परकी नाही, फक्त तिचा वापर कसा करायचा हे कोणी आपल्याला सांगत नाही.

तर यूजीसी विद्यापीठांना आणि कॉलेजांना अनुदान देते, शिक्षणाच्या दर्जाचे नियम करते, प्राध्यापक व्हायला काय शिक्षण लागतं ते ठरवते, पीएचडी कशी करायची ते ठरवते, आणि कोणाला डिग्री देता येते कोणाला नाही याची यादी ठेवते. यूजीसी तुमची परीक्षा घेत नाही, मार्कशीट छापत नाही, रीचेकिंग करत नाही आणि तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांची थेट साहेब पण नाही. कॉलेजवर रोजचा ताबा असतो तो ज्या विद्यापीठाला ते संलग्न आहे त्याचा, आणि आपल्याकडे सरकारी बाजूने उच्च शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसचा. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, स्कॉलरशिप अडकली, तर तो फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला आहे की पुढे विभागाकडे गेलाय ते आधी बघायचं. इंजिनिअरिंगची मान्यता एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, आणि २०२४-२५ पासून बीबीए-बीसीए पण त्यांच्याकडेच गेलंय, मेडिकल एनएमसीकडे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग), वकिली बार कौन्सिलकडे, फार्मसी फार्मसी कौन्सिलकडे, बीएड एनसीटीईकडे (शिक्षक शिक्षण परिषद). प्रोफेशनल कोर्सच्या कॅप राउंडची, म्हणजे एकत्रित केंद्रीय प्रवेशाच्या फेरीची, भानगड असेल तर राज्याचा सीईटी सेल, फी जास्त वाटत असेल तर राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण. हे सगळं पाठ करायची गरज नाही, फक्त आपला प्रश्न कोणाच्या दारातला आहे हे अर्ज लिहायच्या आधी ठरवा, कारण चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिना दोन महिने खातो आणि तोवर मुदती निघून गेलेल्या असतात.

पैसे भरायच्या आधी काय तपासायचं

डिग्री द्यायचा अधिकार फक्त विद्यापीठाला असतो, म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, नाहीतर केंद्राने अभिमत दर्जा दिलेली संस्था, नाहीतर आयआयटी-एम्ससारखी संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. यूजीसी कायद्याचं कलम २२ हेच सांगतं. यात न बसणाऱ्या कोणीही दिलेला कागद म्हणजे डिग्री नाही, मग त्यावर होलोग्राम असो की सोनेरी शिक्का असो. म्हणून सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की शेवटी डिग्रीवर नाव कोणाचं येणार? कॉलेजचं नाव काहीही असू दे, 'इन्स्टिट्यूट' असू दे, 'ग्लोबल स्कूल' असू दे, डिग्री देणारं विद्यापीठ कोणतं ते लेखी घ्या. ऑफिसमधला माणूस यावर गोल गोल बोलायला लागला तर तिथेच थांबा.

नाव मिळालं की यूजीसीच्या वेबसाईटवर जा. तिथे केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खाजगी अशा चार प्रकारच्या विद्यापीठांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. नाव अक्षर अन् अक्षर जुळतंय का बघा, कारण बोगस संस्था मुद्दाम प्रसिद्ध नावाच्या जवळपासचं नाव घेतात, मध्ये एखादा 'नॅशनल' किंवा 'ओपन' घुसवतात. पत्ता पण जुळवा. मग तिथलीच फेक युनिव्हर्सिटीजची यादी उघडा, ती राज्यवार असते, आणि महाराष्ट्राच्या नावाखाली नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी तिथे वर्षानुवर्षं आहे. पण लक्षात ठेवा, बोगस यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी असं होत नाही, त्या यादीत फक्त यूजीसीच्या नजरेस आलेली नावं असतात. खऱ्या यादीत नाव असलंच पाहिजे.

आणि हे तपासायचं काम आपणच का करायचं, तर बोगस विद्यापीठ चालवणाऱ्याला १९५६ च्या यूजीसी कायद्याखाली दंड आहे जास्तीत जास्त एक हजार रुपये. यूजीसी नोटीस काढते, राज्य सरकारला कारवाई करायला कळवते, पोलीस फसवणुकीचा गुन्हा दाखल करू शकतात, पण तोवर पोरांची तीन वर्षं गेलेली असतात. छत्तीसगडचं उदाहरण मोठं आहे. तिथे २००२ च्या राज्य कायद्याखाली थोड्याच काळात शंभराहून जास्त खाजगी विद्यापीठं निघाली, बऱ्याच ठिकाणी ना इमारत ना लायब्ररी, आणि २००५ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. तिथे शिकणाऱ्या मुलांना राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठांशी जोडून घ्या असं कोर्टाला सांगावं लागलं. सरकारी कायद्याखाली निघालेल्या संस्थांचं असं झालं, तर नुसत्या फ्लेक्सवर विश्वास कशाला ठेवायचा.

कॉलेज संलग्न असेल तर अजून एक पायरी आहे आणि लोक नेमकी तीच सोडतात. विद्यापीठ खरं असतं, कॉलेज पण खरं असतं, पण तुम्ही जो कोर्स घेताय त्याला त्या वर्षाची संलग्नताच नसते, किंवा वाढीव तुकडीला मंजुरी नसते. मग परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की पोरांची नावं विद्यापीठाच्या सिस्टीममध्ये दिसत नाहीत. त्यामुळे पुणे, मुंबई, शिवाजी, नागपूर, गोवा, जे कोणतं विद्यापीठ असेल त्याच्या साईटवर संलग्न कॉलेजांच्या यादीत जाऊन आपला कोर्स शोधा, किंवा कॉलेजकडून चालू वर्षाच्या संलग्नतेच्या पत्राची कॉपी मागा. जाहिरातीत '२ एफ' आणि '१२ बी' असं लिहिलेलं असतं, तर २ एफ म्हणजे कॉलेज यूजीसीच्या यादीत आहे आणि १२ बी म्हणजे केंद्राचं अनुदान घ्यायला पात्र आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्यावरून तुमच्या कोर्सला मंजुरी आहे असं काही सिद्ध होत नाही. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) ग्रेड पण तशीच, ती संस्थेची असते, आणि तिला मुदत असते, कोणत्या तारखेपर्यंत ते बघा. स्वायत्त कॉलेज असेल तर पेपर कॉलेजच काढतं, पण डिग्री विद्यापीठच देतं, त्यामुळे तिथे घाबरायचं कारण नाही.

डिस्टन्स आणि ऑनलाईन कोर्स

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण नोकरी करणारी, लग्न झालेली, गावात राहणारी माणसं या वाटेने जातात आणि त्यांच्याकडे चौकशीला वेळ नसतो. नियम असा आहे की विद्यापीठ कितीही मोठं असलं तरी डिस्टन्स किंवा ऑनलाईन कोर्ससाठी त्याला यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोकडून (डीईबी) वेगळी मान्यता लागते, आणि ती कोर्सवार आणि सेशनवार बघायची असते. मागच्या वर्षी होती म्हणून यंदा आहे असं धरून चालू नका. डीईबीच्या साईटवर सेशन निवडा, विद्यापीठ निवडा, आणि आपल्या कोर्सचं नाव त्यात आहे का ते डोळ्याने बघा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आता ॲडमिशन घेताना विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी पण काढावा लागतो, त्याला एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाईन खात्याचा नंबर) लागतो, दोन्ही फुकट आहेत, एजंट त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

काही गोष्टी डिस्टन्सने होतच नाहीत. इंजिनिअरिंग, मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, वकिली, हॉटेल मॅनेजमेंट, यातलं काही कोणी 'घरबसल्या डिग्री' म्हणून विकत असेल तर पुढे बोलायचंच नाही. २०२५ पासून सायकॉलॉजी आणि आरोग्याशी संबंधित बरेच कोर्स पण यातून काढून टाकलेत. पीएचडी पण डिस्टन्सने नाही. एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे करून ऑनलाईन पीएचडी विकतात, त्याबद्दल यूजीसी आणि एआयसीटीईने २०२२ मध्येच सावध केलंय. एमफिल तर २०२२ च्या नियमांनी बंदच झालं.

'एका वर्षात तीन वर्षांची बॅकडेटेड डिग्री' असा मेसेज आला तर तो सरळ गुन्हा आहे, त्यात तुम्ही पण अडकाल. आणि पैसे कुठल्याही सेंटरवाल्याच्या किंवा एजंटच्या गूगल पेवर टाकू नका, थेट विद्यापीठाच्या पोर्टलवरून भरा आणि विद्यापीठाच्या नावाची पावती घ्या. फ्रँचायझी देऊन सेंटर चालवणं नियमात बसतच नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार अभिमत विद्यापीठांनी डिस्टन्सने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांवर निकाल दिला, २००१ ते २००५ दरम्यान ॲडमिशन घेतलेल्यांच्या डिग्र्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा द्यायला सांगितलं. ही माणसं तोवर दहा-दहा वर्षं नोकरीत होती, काहींची प्रमोशन त्या डिग्रीवर झालेली. त्यामुळे मान्यता तपासायला अर्धा तास गेला तर जाऊ द्या.

एक चांगली बातमी पण आहे जी बऱ्याच जणांपर्यंत पोचत नाही. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन डिग्र्या करता येतात, एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स किंवा ऑनलाईन, किंवा वेळ जुळत असेल तर दोन्ही रेग्युलर. म्हणजे दिवसा बीएस्सी आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए असं जमू शकतं, फक्त तुमच्या विद्यापीठाने त्याला परवानगी दिलीय का ते विचारून घ्या.

फी परत कशी मिळवायची

हा भाग नीट वाचा, कारण इथे लोकांचे खरेखुरे पैसे बुडतात आणि बहुतेक वेळा फक्त अर्ज न केल्यामुळे बुडतात. एका कॉलेजात ॲडमिशन घेतलं, मग दुसरीकडे चांगलं मिळालं, पहिलं कॉलेज म्हणतं फी परत मिळणार नाही आणि टीसी पण देणार नाही. असं त्यांना करता येत नाही. यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. ॲडमिशनची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते, तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रोसेसिंगचे म्हणून ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५००० रुपये कापता येतात. शेवटच्या तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना रद्द केलं तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि ३० दिवस उलटले की काही नाही. डिपॉझिट या हिशोबात येत नाही, ते सगळंच्या सगळं परत.

याशिवाय यूजीसी काही वर्षी वेगळं पत्रक काढते आणि ते जास्त फायद्याचं असतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी असं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केलं तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी सगळी परत. तर आपल्या वर्षाचं पत्रक निघालंय का ते यूजीसीच्या साईटवर नोटीसमध्ये शोधा, प्रिंट काढा आणि अर्जाला जोडा. कॅप राउंडमधून ॲडमिशन असेल, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसी वगैरे, तर आधी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतली रद्द करायची तारीख बघा, तिथलं वेळापत्रक वेगळं चालतं.

तोंडी सांगून काहीच होत नाही. क्लार्क म्हणेल साहेब आले की बघू, आणि तारीख निघून जाईल. साधा कागद घ्या आणि असं लिहा:

"मा. प्राचार्य यांस, मी आपल्या कॉलेजमध्ये बी.कॉम. प्रथम वर्षासाठी दि. ... रोजी प्रवेश घेऊन रु. ... फी भरली आहे, पावती क्र. ... . मी दि. ... पासून हा प्रवेश रद्द करत आहे. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या फी परताव्याच्या अधिसूचनेनुसार व चालू वर्षाच्या पत्रकानुसार होणारी रक्कम अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील बँक खात्यात जमा करावी आणि माझी मूळ कागदपत्रे परत द्यावीत."

दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख टाकून पोच घ्या. पोच द्यायला नाही म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पण टाका. तुमची तारीख त्या कागदावरून धरली जाते, म्हणून हे एक दिवस पण पुढे ढकलू नका. १५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन त्याच अधिसूचनेत आहे. आणि मूळ मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला कॉलेजने ठेवून घेणं पण त्यात मना आहे, तुमच्यासमोर तपासायचं आणि परत द्यायचं. एका वेळी दोन-तीन वर्षांची फी मागणं आणि माहितीपुस्तक विकत घ्यायची सक्ती करणं पण नाही चालत.

तक्रार कोणत्या क्रमाने करायची

११ एप्रिल २०२३ ला विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी यूजीसीचे नवीन नियम आले. त्यानुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती पाहिजे, अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य, एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून, आणि अध्यक्ष किंवा सदस्यांत किमान एक महिला, किमान एक एससी, एसटी किंवा ओबीसीतली व्यक्ती. विद्यापीठात लोकपाल पाहिजे, जो निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो आणि संलग्न कॉलेजांच्या तक्रारी पण त्याच्याकडे जातात.

तक्रारीचे विषय बरेच आहेत. मेरिट डावलून ॲडमिशन, आरक्षण न पाळणं, माहितीपुस्तकात नसलेले पैसे मागणं, कागदपत्रं अडवणं, स्कॉलरशिप द्यायला उशीर, परीक्षा किंवा निकाल वेळापत्रकाच्या बाहेर लांबवणं, जातीवरून किंवा अपंगत्वावरून त्रास, फी परत न देणं. निकालावरून आठवलं, पात्र झाल्यापासून १८० दिवसांत डिग्री द्यायची असा २००८ चा यूजीसीचा नियम आहे, तुमची लटकली असेल तर तो नियम अर्जात लिहा.

आधी कॉलेजच्या समितीकडे लेखी किंवा पोर्टलवर तक्रार द्या. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर १५ दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाली काढायची. पंधरा दिवसांचं अपील चुकवू नका, निकालाचा कागद हातात पडला की कॅलेंडरवर खूण करा. नुसते मार्क कमी पडले म्हणून लोकपाल उत्तरपत्रिका तपासत नाही, तपासण्यात ठोस गडबड झालीय असं दाखवता आलं तरच ऐकतो.

दिल्ली या सगळ्यात कुठे येते, तर कॉलेजात समितीच नाही, लोकपाल नेमलेला नाही, किंवा लोकपालाने सांगून पण कॉलेज ऐकत नाही तेव्हा. तेव्हा यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाका आणि आधीच्या सगळ्या पोच पावत्या तारखेच्या क्रमाने एकाच पीडीएफमध्ये जोडा. संस्था नियम मोडत राहिली तर यूजीसी अनुदान थांबवू शकते, १२ बी ची पात्रता काढू शकते, डिस्टन्स-ऑनलाईनची परवानगी नाकारू शकते, विद्यापीठाला संलग्नता काढायची शिफारस करू शकते. म्हणजे तिची ताकद संस्थेवर चालते, आणि ती वापरायला तिला तुमच्याकडून पुरावा लागतो. दोन ओळींचा रागाचा ईमेल तिथे पडून राहतो, क्रमाने लावलेली कागदपत्रं पुढे सरकतात.

रॅगिंगला मात्र हा क्रम लावू नका. तिथे एक तास पण थांबायचं नाही. २००९ मध्ये हिमाचलमध्ये अमन काचरू या मेडिकलच्या मुलाचा रॅगिंगमध्ये जीव गेला, त्याच वर्षी यूजीसीने कडक नियम केले. २४ तास चालणारी हेल्पलाईन आहे, १८००-१८०-५५२२, फोन करा, नाव न सांगता पण तक्रार घेतात. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, पोलिसात गुन्हा नोंदवता येतो. हॉस्टेलला पोरगं सोडून येताना हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या आणि तुमच्या पण.

आणि कुठूनच उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. यूजीसीसाठी केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज होतो, सरकारी विद्यापीठासाठी त्या विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. "माझ्यावर अन्याय झालाय" असं लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक तारखेच्या माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली त्याच्या टिपणीची प्रत द्या, अमुक कॉलेजच्या अमुक कोर्सच्या या वर्षीच्या संलग्नतेच्या पत्राची प्रत द्या, लोकपाल नेमल्याच्या आदेशाची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा.